गुरुजींचा थुंकनारा स्टोव्ह

स्टोव्हवाल्यानं लिहिलं म्हनल्यावर तुमी भडक्याची वाट पाहून राहिले असान. कुठी टाकी फुटली, कोनाच्या मिशा गेल्या, कोनाचं छत काळं झालं. चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या घरचा भडका वाचाले मानसाले लय आवडते. तं पहिलेच सांगून ठेवतो बावा, भडका होत नाई. होता होता राहते. ज्याचं तेवढ्यात भागत नसन त्यानं पानं उलटावी, पुढं कोनी तरी भुताची गोष्ट लिहिलीच असन.

संपादकसाहेब दुकानात आले तवा म्हने, "तुझ्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिही." गमतीचे! साहेब, गंमत गिऱ्हाइकाले येते. आमचं नुसतं डोकं उठते. एकच गोष्ट रोज सांगायची, अन् समोरच्यानं रोज मान हलवून घरी जाऊन उलटंच करायचं, याले तुमी गंमत म्हनत असान तं लिहितो.

मी मूळचा अकोल्याचा. बाप कापसाच्या जिनिंगमधी. शाळा मॅट्रिकपर्यंत गेली अन् तिथं बसली. मास्तरायची नक्कल मले झकास येत होती, मास्तरायचं इंग्रजी तेवढं येत नव्हतं. मंग अमरावतीले, राजापेठेत, करीमचाच्याच्या दुकानात लागलो. स्टोव्ह अन् गॅसबत्त्या दुरुस्त करायच्या, भरून द्यायच्या, लग्नाकार्याले भाड्यानं द्यायच्या. हात काळे अन् तोंड चालू, असा आपला धंदा. चाचा म्हनायचा, "सुदाम, तेरा मुंह बंद करने का भी एक स्क्रू होना मंगता था."

ज्यायच्या घरी अजून चूलच आहे त्यायच्यासाठी थोडं सांगतो. स्टोव्ह म्हंजे पितळेचं पोट. पोटात घासलेट, वर बर्नर. पंपानं पोटात हवा भरली का ती घासलेटाले दाबते, घासलेट नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमधी त्याची वाफ होते अन् ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून जळत निघते. बस, एवढंच. भरायचा असन तं पहिले इझवा. हवेचा स्क्रू ढिला करा. तो फुस्स करते, त्याचं फुस्स पुरं होऊ द्या. थंडा होऊ द्या. चूल, दिवा, बिडी, सगळ्यापासून लांब न्या. मंग टोपन काढा, जाळीच्या नरसाळ्यातून गाळून टाका, अन् पोट पाऊन भरलं का थांबा. हवेले बसाले जागा पाहिजे का नाई? गळ्यापर्यंत भरलं म्हंजे जास्त येळ चालते असं लोकायले वाटते. तसाच पंप. दनादना मारला म्हंजे वरन लवकर शिजते असं वाटते. अरे, पानी उकळलं ते उकळलं, त्याले आनखी किती उकळवसान? वरन तेवढ्याच येळात शिजते, घासलेट मातर दुप्पट जाते.

याच्यात कळाले अवघड काय आहे? काईच नाई. म्हनूनच कोनी आयकत नाई.

अकोल्याचे एक वकीलसाहेब होते, जाता-येता आमच्या दुकानात थांबनारे. मेळघाटात शिकारीले जायचा नाद. त्यायच्याकडं पत्र्याच्या डब्यात बसनारा घडीचा स्टोव्ह, लढाईतल्या सामानाच्या लिलावातून घेतलेला. इतका देखना स्टोव्ह मी दुसरा पाहिला नाई. साहेब काय करत? घरूनच गळ्यापर्यंत भरत, वरून पंप मारून ठेवत, म्हंजे जंगलात खोळंबा नाई. जीप मेळघाटच्या रस्त्यानं हादरे खात जाये, अन् स्टोव्ह डब्यात बसून लाडवायच्या पिशवीत घासलेट गाळत बसे. परत आले का माह्यावरच उखडत.

"सुदाम, तुझ्या टोपणाच्या वायसरनं माझी शिकार घालवली!"

"शिकार कशी गेली साहेब?"

"अरे, सगळ्या जंगलाला घासलेटाचा वास! वाघ सोड, माकडसुद्धा जवळ आलं नाही."

"साहेब, प्रवासात टाकी रिकामी ठेवत जा. घासलेट येगळ्या टिनात न्या, तिथं भरा."

"जंगलात भरायला तू येणार आहेस का?"

"नाई साहेब."

"मग!"

एकदा म्हने, घासलेट राहू दे, पेट्रोल टाकतो, लवकर पेटतं. मी म्हनलं, "हो साहेब, तुमीबी लवकर पेटसान." ते हसले. मी हसलो नाई. टाकीवर चुन्यानं ठळक लिहून देलं, पेट्रोल नाई. पुढच्या खेपेले चुना पुसलेला. कोनाले सांगाव?

पन वकीलसाहेब परवडले. ते निदान लाडवाचंच वाटोळं करत. खरा जीव खाल्ला तो गुरुजींच्या स्टोव्हनं.

गुरुजी म्हंजे आमच्या मागच्या गल्लीतले, पूजा-पाठ सांगनारे. घरात ते, त्यायची बायको अन् सून. लेक अकोल्याले मास्तर, शनिवारी येनारा. म्हंजे स्टोव्हपुढं बसनारी एकटी वहिनी. त्यायचा स्टोव्ह दुकानात यायचा तो एकाच तक्रारीनं: थुंकते. पेटते, चांगला चालते, मंग खळ् फुर्र खळ् करते, बर्नरमधून थुंकते अन् इझते. हा आवाज मी तोंडानं हुबेहूब काढतो. दुकानात काढला का चाचा पाना हातात घेऊन खरा स्टोव्ह शोधे.

उघडून पाहा तं पोटात पानी. साफ करा, उन्हात वाळवा, थोडं घासलेट टाकून हलवा, काढा, भरा, पाठवा. निघालेलं घासलेट फेकत नाई आमी. बाटलीत उभं ठेवलं का पानी तळाशी बसते, वरचं निथळून घेता येते. एवढं करून स्टोव्ह घरी जाये अन् पुन्हा परत ये. पुन्हा पानी! चाच्याले वाटलं घासलेटवालाच भेसळ करते. मी जाऊन त्याच्याशी भांडलो. त्यानं माह्यासमोर टिनातून बाटली भरून दाखवली, पान्याचा थेंब नाई. उलट मलेच चार शब्द ऐकवले. मंग चाचा म्हने, "जा बे, देख के आ. ये लोग स्टोव का आखिर करते क्या हैं."

दुरुस्त केलेला स्टोव्ह देऊन मी गेलो असं दाखवलं अन् मागच्या आंगनात थांबलो. वहिनी आल्या. चिंच अन् राख लावून स्टोव्ह असा घासला का सोन्याचा वाटावा. इथपर्यंत ठीक. मंग टोपन काढलं, लोटीनं आत पानी ओतलं अन् तांब्या विसळावा तसा विसळला.

"वहिनी! हे काय करून राहिल्या?"

"धुतेय. दिसत नाही?"

"आतून?"

"तू आत हात घातला होतास ना?"

"हात कुठचा, बोट घातलं होतं."

"मग काय बोटापुरतं धुऊ?"

"चाच्यानंबी घातलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर दोनदा धुते."

आता याच्यावर रागवावं का हसावं, हे मले आजलोक ठरवता आलं नाई. आमच्या घरानं बौद्ध दीक्षा घेतली होती. बाप म्हने, आता कोनापुढं मान खाली घालाची नाई. मान काई मी खाली घालत नव्हतो. पन खरं सांगतो, त्या घडीले मले माह्यापेक्षा स्टोव्हच्या वाटचाच राग जास्त आला. म्हनलं, मले धुवा, विसळा, काय करायचं ते करा, त्या बिचाऱ्याच्या पोटात काहून पानी ओतता? माह्या वाटचाबी राग तवाच याले पाहिजे होता, असं आता वाटते. पन कारागिराचं डोकं असंच असते.

अन् हे नुसतं स्टोव्ह बिघडायचं काम नव्हतं. पानी जड. ते तळाशी बसते अन् नळीबी तळातूनच ओढते. म्हंजे बर्नरले घासलेटाऐवजी पानी जाते. जाळ खोकलते, इझते. बाईले वाटते घासलेट सरलं. पन आत घासलेट आहे, कोंडलेली हवा आहे, अन् सगळं तापलेलं. तशात टोपन उघडलं का घासलेटाची फवारी उडते, अन् बाजूले चूल असन तं पुढचं मी सांगाले नको. वहिनीच्या घरी बाजूले चूलच होती. घासलेटाची बुधलीबी तिथंच.

मी समोरून ओसरीकडं गेलो. गुरुजी पंचांग पाहून राहिले होते. मानूस वाईट नाई. मले पाहिलं का "आयुष्मान हो" म्हनत. लांबून.

"गुरुजी, स्टोव्ह बाहेरून पाहिजे तेवढा धुवा, आतून नका धुऊ."

"का रे?"

"पानी राहते."

"पाण्यानं काही अपवित्र होत नाही."

"अपवित्र नाई होत, इझते. मंग वहिनी त्याले गरमच उघडतीन. एखाद्या दिवशी जळतीन."

"अशुभ बोलू नकोस."

"मंग आतून घासलेटनं धुवा."

"घासलेटानं शुद्धी होते, हे कुठल्या शास्त्रात?"

"अग्नीनं होते ना? पेटवला का झाला शुद्ध."

गुरुजी विचारात पडले. मले वाटलं, जमलं! तं म्हने, "पण अग्नी बर्नरला लागतो. टाकीच्या आत कुठं लागतो?"

"गुरुजी, आत लागला तं शुद्ध करायले कोनी उरन का?"

"तू हुशार आहेस," ते म्हने, "पण रीत ती रीत." तेवढ्यात वहिनी आतून चहाचा कप घेऊन ओसरीच्या दारात आल्या. माह्या हातभर जवळून जानार, तं गुरुजी नाकातून, शेवट लांबवत कडाडले, "सूनबाईऽऽ! हातातलं खाली!" कप तिथंच जमिनीवर. वहिनी मागं.

हा त्या घरचा हुकूम. कावळा शिवला, परकं मानूस दारात आलं, ओल्याले वाळलं लागलं, का हेच वाक्य. अन् वहिनीचा हात असा खाली जाये जसा कोनी दोरी ओढली.

दुकानात येईपर्यंत तो आवाज माह्या गळ्यात बसला होता. चाच्याच्या हातात पाना पाहिला का मी नाक फुगवून म्हनो, "चाचाऽऽ! हातातलं खाली!" चाचा खोकला येईपर्यंत हसे, अन् हसून झालं का रागावे, "बुजुर्ग की नकल नहीं उतारते, बदतमीज." स्टोव्ह मातर येतच राहिला. खळ् फुर्र खळ्.

मंग महालक्ष्म्या आल्या. जेवनाच्या दिवशी आमच्याकडं घरोघरी काय धांदल असते ते तुमाले सांगाले नको. गुरुजींनी आनखी एक स्टोव्ह भाड्यानं मागवला. तो घेऊन मी मागच्या दारी गेलो. समोर आरती चालू होती, घंटा, टाळ्या, गुरुजींचा नाकातला आवाज. आत वहिनी सोवळ्यात, एकट्या. चुलीवर कढई, बाजूले त्यायचा तो स्टोव्ह. नैवेद्य होईपर्यंत त्या घरात रांधनारीनं बोलायचं नाई, हे मले ठाऊक होतं. म्हनून मीबी गुपचूप उभा राहिलो.

तं स्टोव्ह म्हने, खळ्. फुर्र. खळ्. इझला.

वहिनीनं त्याले फडक्यानं धरलं, चुलीपाशी ओढलं, बुधली जवळ घेतली अन् टोपनाले हात घातला.

"वहिनी, उघडू नका!"

त्यायनं ओठावर बोट ठेवलं अन् डोळे वटारले. गप.

"अहो, गरम आहे! हवा आहे आत! पहिले स्क्रू!"

त्यायनं पाठ केली. बरोबरच आहे म्हना, दारात उभ्या स्टोव्हवाल्याचं कोन आयकते, तेबी महालक्ष्म्यांच्या दिवशी! टोपन फिराले लागलं. त्याची सुस्कारी मले दारातून आयकू आली. घासलेटाचा वास आला. चुलीतली लाकडं तं लालबुंद.

मी नाक फुगवलं.

"सूनबाईऽऽ! हातातलं खाली!"

हात सुटला. पाहा, विचार नाई, वळून पाहनं नाई, हात सरळ खाली.

"मागं सरा! भिंतीशी!"

गेल्या भिंतीशी. डोक्यावरचा पदर सारखा केला, मान खाली. अन् समोरून गुरुजींची आरती तशीच चालू, त्याच नाकातून, त्याच घंटेवर. ते वहिनीले तवा आयकू आलं. त्यायनं समोरच्या दाराकडं पाहिलं. मंग मागच्या दाराकडं. माहं तोंड अजून गुरुजींचंच होतं.

मंग मी आत शिरलो. उंबरठ्यापासून चुलीपर्यंत लक्ष्मीची रांगोळीची पावलं काढली होती. त्याच्यावरूनच गेलो, दुसरा रस्ताच नव्हता. टोपन आवळलं, स्टोव्ह उचलला, आंगनात नेऊन ठेवला अन् स्क्रू ढिला केला. एवढं लांब फुस्स मी दुसऱ्या कोनत्या स्टोव्हचं आयकलं नाई. चांगला उभा राहून आयकत होतो, तं मागून आरती थांबली.

पुढचं काय सांगू! गुरुजी आले, त्यायची बायको आली, जेवाले आलेल्या सवाष्णी आल्या. सगळे खाली पाहत होते. रांगोळीत माहे पाय उठले होते, काळे, घासलेटाचे.

"स्वैपाकघरात? आज?" गुरुजी म्हने.

"गुरुजी, भडका झाला असता. वहिनीले विचारा."

सगळ्यायनं वहिनीकडं पाहिलं. अन् वहिनी, तुमाले खरं वाटनार नाई, ओठावर बोट ठेवून उभ्या! नैवेद्य झाला नव्हता ना! मले वाटलं, आता मीच डोक्यावर घासलेट ओतून घेतो. एका शब्दाचं काम होतं. एका!

सगळा स्वैपाक पुन्हा झाला. घर पुन्हा धुतलं. सवाष्णी दिवे लागेपर्यंत उपाशी. गुरुजींचा निरोप चाच्याकडं आला का त्या पोराले पुन्हा गल्लीत पाठवू नका, अन् आमी आता दुसरीकडं स्टोव्ह देऊ.

चाचा माह्यावर असा बिघडला का दुकानातल्या बत्त्या हालल्या. "अंदर घुसा तो ठीक किया. पर आवाज काहे को निकाला बे?"

"तो आवाज नसता काढला तं आयकलं नसतं त्यायनं! अन् नाई आला त्यायचा स्टोव्ह तं बरंच झालं. सुटलो."

"तू सुटला. वो बच्ची कैसे छूटी? अब वो दूसरे के यहां देंगे. दूसरा पानी निकालेगा, बोलेगा कुछ नहीं, और भेज देगा. ये फिर धोएंगे. एक दिन तू नहीं रहेगा दरवाजे में." असं म्हनून चाचा पाना घेऊन खाली बसला. 

मंग मी रोज गल्लीच्या तोंडाशी कान लावून जाऊ लागलो. कुठी खळ् फुर्र आयकू येते का? लोकं म्हनत, हा स्टोव्हवाला असा काहून चालून राहिला, चोरावानी? आता त्यायले काय सांगाव? का मी एका स्टोव्हच्या खोकल्याची वाट पाहून राहिलो?

गणपती गेले, दसरा गेला. एक दिवस वहिनी स्वतःच दुकानाच्या पायरीशी उभ्या. हातात देवळातला प्रसाद, काखेत फडक्यात गुंडाळलेला स्टोव्ह. फळीवर ठेवून म्हने, "पीन अडकतेय."

मी आधी स्क्रू पाहिला. ढिला होता. हवा सोडून आनलेला! टोपन काढलं, काचेच्या बाटलीत ओतलं, उजेडात धरलं. खाली पान्याचा टिपूस नाई. चाच्याले दाखवलं. चाच्यानं बाटली हलवून पाहिली, दोनदा.

"वहिनी, आतून धुतला नाई?"

"टोपण गच्च लावते अन् बाहेरून धुते. भरपूर पाणी ओतते. मामंजी ओसरीवरून पाण्याचा आवाज ऐकतात, तेवढ्यावर त्यांचं समाधान."

झालं! मले वाटलं, आता धन्यवाद. आता म्हनतीन, सुदाम, तू होता म्हनून मी वाचली. मी आपली मान जरा वाकडी करून, दात काढून तयार राहिलो.

"दात काय काढतोस?" वहिनी कडाडल्या. चाचा पान्यासकट मागं सरला. "काय करून ठेवलंस माझ्या घरात, तुला कळतंय का? परवा पंगत बसली होती. भाताचं पातेलं माझ्या हातात. कोणी परकं दारात आलं अन् मामंजी म्हणाले, सूनबाई, हातातलं खाली. अन् मला तू दिसलास! दारात उभा, नाक फुगवून, काळ्या तोंडाचा! असं हसू फुटलं मला की वाढलेला भात पानात न पडता मामंजींच्या मांडीवर पडला. सासूबाई बोलून नाही राहिल्या माझ्याशी. मामंजी रोज म्हणतात ते, अन् रोज मी पदर तोंडात कोंबते. अरे, आवाजच काढायचा होता तर दुसऱ्या कोणाचा काढायचास! त्यांचाच काहून काढला? आता ते कितीही ओरडले ना, तरी माझा हात खाली जातच नाही!"